पावसात बंदुकीची नळी का गंजते? शेती संरक्षण बंदुकीला कोणतं तेल लावावं, कोणतं टाळावं

भात पोटरीला आलं की रानडुकरांची धाड सुरू होते. काजू, केळी, सुपारीच्या बागेत माकडं आणि केल्डी वर्षभर असतातच. त्यामुळे सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या गावागावांत शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक आजही अनेक घरांत आहे. कुणाकडे आजोबांच्या वेळची ठासणीची, कुणाकडे काडतुसाची बारा बोअर. परवान्याचं नूतनीकरण, निवडणुकीत बंदूक जमा करणं याची चर्चा नेहमी होते. पण बंदुकीला तेल कुठलं लावायचं, याबाबत ज्याचा त्याचा वेगळा हिशेब. कुणी खोबरेल लावतो, कुणी शिलाई मशीनचं, तर कुणी गाडीतून काढलेलं काळं ऑइल.

तेल लावूनही नळी गंजते, ही तक्रार मात्र सगळीकडे सारखी. याचं कारण बहुतेक वेळा तेलात नसतं. तेलाच्या खाली जे राहून गेलेलं असतं, त्यात असतं. ते काय, आणि कुठल्या कामाला कुठलं तेल, याची ही माहिती.

गंज येतो कशामुळे

लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतं. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की गंजाचा वेग वाढतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा नव्वद टक्क्यांच्या आसपास दमट असते. किनाऱ्याजवळच्या गावांत त्यात खारा वारा. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं. मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते, तसंच नळीवर बसलेल्या मिठाचं होतं. हाताच्या घामातही मीठ असतं. म्हणून पुष्कळ बंदुकांवर पहिला गंज धरतो तो हात लागतो त्याच जागी, कधी कधी तर बोटांच्या ठशांच्या आकारात.

ठासणीच्या बंदुकीत याहून मोठं कारण आहे ते दारूचं. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही, घन रूपातच राहतो, आणि त्यातली बरीच राख नळीत उरते. ही राख म्हणजे पोटॅशचे क्षार. ते हवेतलं पाणी शोषतात आणि नळीच्या आत ओला काळा चिखल होतो. एका रात्रीत लोखंड खायला एवढं पुरतं. काही जुन्या केपांच्या मसाल्यातून तर जवळजवळ मिठासारखाच क्षार नळीत पडतो.

आता मुद्दा असा, की क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. बार काढल्यावर नळीत नुसती तेलाची चिंधी फिरवली, तर वरचं काळं निघतं. नळी चकचकीत दिसते. क्षाराचा थर मात्र तेलाखाली तसाच राहतो आणि आतून खात बसतो. दिवाळीनंतर नळीतून लाल चिंधी निघते ती यामुळे. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी धुणं, मग सुकवणं, मग तेल.

हात लावण्याआधी बंदूक रिकामी आहे का पाहा

सफाई करताना बार उडून जीव गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. "रिकामीच आहे" या भरवशावर कुणीही राहू नये.

काडतुसाची बंदूक असेल तर ती मोडून नळी उघडा आणि दोन्ही घरं डोळ्यांनी पाहा. अंधार असेल तर बोट घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

ठासणीच्या बंदुकीत आतलं दिसत नाही. तिथं जुनी पद्धत चांगली आहे. बंदूक नक्की रिकामी असताना गज तळापर्यंत घालायचा आणि नळीच्या तोंडापाशी गजावर खूण करायची. पुढे कधीही गज आत सोडला आणि खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत बार भरलेला आहे किंवा काहीतरी अडकलेलं आहे. हे तपासताना निपलवर केप नको, आणि तोंडासमोर हात-डोकं नको. मागच्या मोसमातला बार भरून ठेवलेल्या बंदुका आपल्याकडे निघतात. तसा बार सापडला तर तो घरी उकरून काढू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या.

ठासणीची बंदूक: पाण्याला घाबरू नका

लोखंडाला पाणी लावायचं म्हटलं की जुनी माणसं नाही म्हणतात. पण काळ्या दारूची राख काढायला साबणाच्या गरम पाण्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

नळी दस्त्यातून सुटत असेल तर सोडवा. निपल चावीनं काढा. नळीचं मागचं टोक बादलीतल्या गरम साबणपाण्यात ठेवा. गजाला चिंधी बांधून वरून आत-बाहेर करा, म्हणजे निपलच्या भोकातून पाणी आत खेचलं जातं आणि बाहेर फेकलं जातं. पाणी काळं होईल, कुजक्या अंड्यासारखा वास येईल. तो गंधकाचा वास. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. शेवटी साध्या गरम पाण्यानं साबण काढून टाका. निपलही वेगळं धुवा आणि त्याचं भोक काडीनं मोकळं करा.

नळी सुटत नसेल तर दस्त्याला फडकं गुंडाळून ठेवा आणि भिजवून पिळलेल्या चिंध्यांनी आतून पुसा. चिंधी पांढरी येईपर्यंत हे करायचं. घोड्याच्या यंत्रात पाणी जाऊ देऊ नका.

मग लगेच सुकवणं. कोरड्या चिंध्या एकामागून एक फिरवा. गरम पाण्यानं नळी तापलेली असते, त्यामुळे उरलेला ओलावा लवकर उडतो. पण ओली नळी तशीच ठेवून चहा प्यायला गेलात तर तेवढ्यात तांबूस छटा येते. सुकली की लगेच तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवून पाहा. काळी आली तर राख राहिली आहे, तांबूस आली तर गंज सुरू झाला आहे. दोन्हीत पुन्हा धुवा.

नळी चुलीवर किंवा निखाऱ्यावर धरून सुकवायची सवय काही ठिकाणी आहे. ती सोडा. आत दारू राहिली असेल तर घात होतो. आणि दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या झाळून जोडलेल्या असतात, जास्त उष्णतेनं ती झाळ सुटते.

काडतुसाची बंदूक: राख कमी, तरी सफाई हवीच

काडतुसात बिनधुराची दारू असते. ती जवळजवळ सगळी वायू होऊन जाते आणि तिच्या राखेत काळ्या दारूइतके क्षार नसतात. म्हणून इथं पाण्यानं धुण्याची गरज नाही. पण नळीत काजळी, शिशाचे ओरखडे आणि काडतुसातल्या प्लॅस्टिकच्या बुचाचा थर बसतो. त्या थराखाली ओल अडकली की तिथं खड्डा पडतो.

पुढचं लाकूड काढून नळी वेगळी करा. ब्रश मागून, म्हणजे काडतूस घालतो त्या बाजूनं, पुढे न्या. पितळी किंवा कांशाच्या तारांचा ब्रश चालतो, कडक पोलादी तारांचा नको. बंदूक सफाईचं खास द्रव मिळालं तर उत्तम. नाही तर थोडं रॉकेल चिंधीवर घेऊन काजळी सोडवता येते, पण नंतर ते कोरडं पुसून तेल लावलंच पाहिजे. पेट्रोल अजिबात नको. त्याची वाफ दूरच्या ठिणगीनंही पेटते.

काडतुसाच्या घरात गंज धरला तर उडवलेलं टरफल अडकून बसतं. ते काढायला चाकू, स्क्रूड्रायव्हर घालून लोक घर आणखी खराब करतात. म्हणून त्या दोन-तीन इंचांची सफाई सगळ्यात मन लावून करा.

कुठलं तेल कशाला

तेलाची कामं तीन. घाण सोडवणं, घासणाऱ्या भागांना गुळगुळीत ठेवणं आणि गंज रोखणं. एकच तेल तिन्ही कामं सारखी करत नाही. दुकानात जाण्याआधी आपल्याला कुठलं काम करायचं आहे ते ठरवा.

बंदुकीचं खास तेल: शस्त्रविक्रीच्या दुकानात मिळतं. काही तेलं तिन्ही कामांसाठी बनवलेली असतात. जर्मनीतलं बॅलिस्टॉल हे त्यातलं जुनं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या लष्करासाठी तयार झालेलं. ते पाण्यात मिसळून दुधासारखं होतं, म्हणून काळ्या दारूच्या बंदुकीलाही चालतं. मिळालं आणि परवडलं तर पहिली पसंती अशा तेलाला. बाटली लहान असते, पण एका वेळी लागतात थेंबच.

शिलाई मशीनचं तेल: पातळ, स्वच्छ, गावच्या बाजारात मिळणारं. घोडा, चाप, खिळे यांना एकेक थेंब द्यायला चांगलं. पण ते वाहून जातं आणि गंज रोखण्याची ताकद कमी. पावसाळ्यात नळीला हेच लावायचं असेल तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागेल.

इंजिन ऑइल: नवं, सीलबंद डब्यातलं असेल तर अडीनडीला नळीच्या बाहेरून आणि आतून पातळ हात फिरवायला चालतं. त्यात गंज रोखणारे घटक असतात. पण गाडीतून काढलेलं काळं ऑइल कधीच नको. त्यात इंधन जळून तयार झालेली आम्लं, काजळी आणि धातूचा बारीक चुरा असतो. ते नळीला लावणं म्हणजे गंज लावणंच.

डब्ल्यूडी-४० सारखे फवारे: हे अमेरिकेत १९५३ मध्ये तयार झालं. नावातली दोन अक्षरं पाणी हटवण्याच्या कामावरून आली आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. त्याचं खरं काम तेच, ओलावा हुसकावणं. पावसात भिजलेली बंदूक पुसल्यावर किंवा धुतल्यावर कोपऱ्यातलं पाणी काढायला उपयोगी. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहतो तो पातळ थर. त्यावर चार महिने भरवसा ठेवू नका. फवारा मारून पुसा, मग खरं तेल लावा.

ग्रीस: नळी मोडताना ज्या खिळीवर फिरते ती जागा आणि नळीचा खालचा आकडा, इथं जोर पडतो आणि तेल टिकत नाही. तिथं साधं लिथियम ग्रीस, नखाच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त लावलं तर माती चिकटते आणि तीच माती लोखंड घासते. नळीच्या आत ग्रीस नको.

व्हॅसलिन: बंदूक महिना-दोन महिने वापरायची नसेल तेव्हा नळीच्या बाहेरून आणि लोखंडी भागांवर साध्या व्हॅसलिनचा पातळ हात चांगला टिकतो. ते ओघळत नाही आणि हवा-पाणी अडवतं. अट एकच, खाली ओल नको. ओल्या लोखंडावर लावलं तर ओल आत कोंडली जाते. बिनवासाचं, बिनरंगाचं घ्या. वासाच्या क्रीमची गोष्ट वेगळी, त्यात पाणी असतं.

खोबरेल: कोकणात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. त्याची अडचण अशी, की साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं. मार्गशीर्षातल्या पहाटे घोड्याच्या यंत्रात थिजलेलं खोबरेल असेल तर घोडा मंद पडतो आणि केप फुटत नाही. शिवाय ते खवट होतं, म्हणजे त्यात आम्ल वाढतं. त्याची एक बाजूही आहे. ठासणीच्या नळीत दारूची राख खोबरेलानं मऊ राहते, तर खनिज तेल राखेत मिसळलं की डांबरासारखा चिकट थर होतो. म्हणून मोसमात दोन-चार दिवसांपुरतं नळीला खोबरेल चालेल. यंत्रात आणि पावसाळ्याच्या साठवणीला नको.

शेंगदाणा, सूर्यफूल, मोहरीचं तेल: हवेत राहून चिकट होतं आणि शेवटी चिकीसारखं घट्ट बसतं. कढईच्या बाहेरचा पिवळा थर आठवा. बंदुकीत नको.

जवसाचं तेल: ते मुद्दाम सुकून कडक होण्यासाठीच असतं. लाकडाला उत्तम, लोखंडी यंत्राला घातक.

ब्रेक ऑइल: गॅरेजमध्ये सहज मिळतं म्हणून काही जण वापरतात. ते हवेतलं पाणी ओढतं आणि रंग-पॉलिश उठवतं. लांब ठेवा.

किती लावायचं

गंज रोखायला तेलाचा दिसेल न दिसेल एवढा थर पुरतो. चिंधीवर चार थेंब घ्या आणि ती चिंधी नळीभर फिरवा. बोट लावलं तर बोट ओलसर वाटावं, पण तेल ओघळू नये.

जास्त तेलाचे तोटे तीन. एक, ते खाली उतरतं. बंदूक भिंतीला उभी ठेवलेली असते, तेल यंत्रातून दस्त्याच्या तोंडात मुरतं आणि तिथलं लाकूड काळं, मऊ पडतं. जुन्या बंदुकांचे दस्ते मानेपाशी तडकतात त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. दोन, यंत्रात धूळ धरून घट्ट होतं. तीन, निपलच्या भोकात किंवा काडतुसाच्या टिकलीत शिरतं आणि बार उडत नाही. काडतुसांना तर तेलाचा हातही लावू नका, ती कोरडीच हवीत.

नळीवरचा काळा-निळा किंवा तपकिरी मुलामा स्वतः गंज रोखत नाही, तो तेल धरून ठेवतो. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर लावून नळी चमकवू नका. आम्लानं हा मुलामा निघून जातो. राख, वाळू, पॉलिश पेपरही नको. वरवरचा तांबूस गंज असेल तर तेल टाकून अर्धा दिवस मुरू द्या आणि जाड फडक्यानं किंवा अगदी बारीक स्टीलवूलनं हलक्या हातानं घासा.

दस्त्याचं लाकूड

लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. मग स्क्रू ढिले होतात. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, जवसाच्या तेलाचे थोडे थेंब तळहातानं चोळा. जास्तीचं पुसा आणि दोन दिवस वाऱ्यावर सुकू द्या. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

ठेवायची जागा

चांगलं तेल लावलं आणि बंदूक चामड्याच्या किंवा किंतानाच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकली, तर सगळं वाया. चामडं आणि कापड ओल धरतं. चामडं कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात. पिशवी फक्त ने-आण करण्यासाठी.

बंदूक कुलपाच्या कपाटात, भिंतीपासून थोडी सुटी ठेवा. मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीला पावसात ओल येते. शक्य असेल तर आडवी ठेवा, नाही तर तोंड खाली करून, म्हणजे तेल दस्त्याकडे जाणार नाही. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर बऱ्या, पण महिन्या-दीड महिन्यानं त्या बदला. भरलेल्या पुडीचा काही उपयोग नाही. नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा घालू नका. तो ओल धरतो, आणि बार काढताना तो आत विसरला तर नळी फाटते.

कपाट मुलांच्या हाती लागणार नाही असं हवं. काडतुसं, दारू, केप वेगळ्या जागी आणि वेगळ्या कुलपात.

दसरा, निवडणूक आणि भिजलेली रात्र

खंडेनवमी-दसऱ्याला बंदुकीची पूजा होते. ओली हळद, कुंकू, फुलं, पाण्याचा हात. पूजा झाली की पुष्कळ घरांत ती तशीच कपाटात जाते. ओली हळद आणि फुलांचा रस चिकटलेल्या जागी आठवडाभरात डाग उठतो. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसून, सुकवून तेलाचा हात द्या. पूजेत बंदूक रिकामी असावी हे वेगळं सांगायला नको.

निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात बंदूक जमा करण्याची नोटीस आली, तर ती कित्येक आठवडे तिथं राहते. तिथं तिला रोज कोण पुसणार? जमा करण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण सफाई करा आणि नेहमीपेक्षा थोडा जाड थर द्या. बाहेरून व्हॅसलिन चालेल. पोचपावती घ्या, आणि नळीवर आधीच डाग किंवा दस्त्याला तडा असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. परत मिळाली की त्याच दिवशी नळी पाहा.

राखणीला गेल्यावर पाऊस लागला तर घरी आल्यावर आधी बंदूक रिकामी करायची, नळी सोडवायची आणि कोरडी पुसायची. मग ओलावा काढणारा फवारा, मग तेल. "सकाळी बघू" म्हटलं की सकाळी गंजच बघावा लागतो.

बार काढण्याआधी तेल पुसा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात जास्त विसरला जातो. साठवणीला लावलेलं तेल बार काढताना नळीत नको. नळीत तेल किंवा ग्रीस साचलं असेल तर ते अडथळ्यासारखं काम करतं, दाब वाढतो आणि नळी फुगू किंवा फाटू शकते. काडतुसाचं घर तेलकट असेल तर मागच्या बाजूला जास्त धक्का बसतो. ठासणीच्या बंदुकीत तेल तळाशी साचून दारू भिजवतं.

म्हणून मोसमाच्या पहिल्या दिवशी दोन-तीन कोरड्या चिंध्या फिरवून नळी आणि घर कोरडं करा. निपलचं भोक मोकळं आहे का पाहा. काडतुसाची नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. आत काळं वर्तुळ किंवा सावलीची कडी दिसली, तर तिथं नळी फुगलेली असू शकते.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर बंदूक लगेच उघडू नका आणि तोंड वळवू नका. भिजलेली किंवा तेल लागलेली दारू उशिरा पेटू शकते. तोंड मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा.

कुठं थांबायचं

सफाई आणि तेल एवढंच मालकाचं काम. तांबूस धूळ पुसून निघते. पण नळीत, विशेषतः मागच्या भागात, नखाला लागतील असे खड्डे दिसले, नळी फुगलेली वाटली, झाळ सुटली, घोडा अर्ध्यावर अडकत नसेल किंवा निपल सैल झालं असेल, तर ती बंदूक वापरू नका. गेलेलं लोखंड तेलानं परत येत नाही. खड्डे घासून काढले की नळी आणखी पातळ होते. नळी फाटते तेव्हा ती अनेकदा धरलेल्या हाताजवळ फाटते.

दुरुस्ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच करा. गावातल्या लोहाराकडून किंवा वेल्डिंगच्या दुकानातून झाळून घेणं धोक्याचं आहेच, शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे विनापरवाना बंदूक दुरुस्तीचा धंदा हा गुन्हा आहे. परवान्याशिवाय नळी कापून आखूड करणंही गुन्हाच. परवानाधारक स्वतः जाऊ शकत नसेल तर दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती बंदूक नेऊ शकते, अशी सोय कायद्यात आहे. पत्राशिवाय पोराच्या हाती बंदूक देऊन तालुक्याला पाठवू नका. आणि शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यप्राण्यांबाबत वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू राहतोच.

थोडक्यात

आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री.
ठासणीची असेल तर बार काढला त्याच दिवशी गरम साबणपाणी. काडतुसाची असेल तर ब्रश आणि चिंधी.
पूर्ण सुकवा. ओल्यावर तेल नाही.
चापाच्या यंत्राला एक थेंब पातळ तेल, खिळीला नखभर ग्रीस, नळीला पातळ हात.
जळकं ऑइल, ब्रेक ऑइल, खाण्याची तेलं यंत्रात नाहीत.
पिशवीत ठेवायची नाही. तोंड खाली किंवा आडवी.
पावसाळ्यात दर पंधरवड्याला पांढरी चिंधी फिरवून पाहा, शिलाई मशीनचं तेल असेल तर त्याआधीच.
बार काढण्याआधी सगळं तेल पुसा.

एका बंदुकीला वर्षाला तेलाची लहान बाटली, जुनं सुती धोतर किंवा लुगडं आणि पंधरवड्याला अर्धा तास एवढंच लागतं. नवीन परवाना मिळणं आज सोपं राहिलेलं नाही, आणि नळी खाल्लेली बंदूक परवाना असूनही निरुपयोगी. तेल कुठलंही असो, ते स्वच्छ आणि कोरड्या लोखंडावर लागलं तरच कामाचं.